पोटातली बोंब

आमचे घरमालक वर्षभर कुजबुजत बोलायचे. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी त्याच्या कानाशी तोंड नेऊन कासऱ्याचा भाव सांगायचे, आणि बघणाऱ्याला वाटायचं, हा चोरीचाच माल असणार. पहिल्या दिवशी सामान उतरवता उतरवता मी विचारलं, "आप्पा, पाणी कुठून भरायचं?" तर त्यांचे ओठ हलले आणि मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटी आक्का, म्हणजे त्यांची बायको, पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या आणि ओरडल्या, "आड मागं हाय, बोळातल्या समद्यांचा एकच हाय, म्हणायलेत ते!"

मला वाटलं, घशाचं दुखणं असेल बिचाऱ्याला. तसं मी आक्कांना बोलून दाखवलं. त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

"कशाचं दुखणं बाई! होळीसाठी आवाज साठवायलेत."

तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि नव्या कचेऱ्या म्हणजे आमच्यासारख्यांच्या बोडक्यावर बदल्या. आमच्या ह्यांना भोकरहून उचललं आणि उदगीर-देवणीच्या मधल्या त्या गावात आणून टाकलं. धड खेडं नाही, धड शहर नाही. एक पेठ, एक मशीद, बसवेश्वराचा चौक आणि आठवड्याचा जनावरांचा बाजार. दुकानांच्या पाट्यांवर 'जि. उस्मानाबाद' पुसून वर 'जि. लातूर' रंगवलं होतं. रंग पातळ होता, खालचं उस्मानाबाद वाचता यायचं. लोक मात्र खुशीत होते. जिल्हा जवळ आला, आता पाणीसुद्धा जवळ येणार, म्हणायचे. कशाचं काय!

आप्पांचं दुकान दोरांचं. कासरे, दावी, म्होरक्या, वेसणी, आडाचे दोर. बाजाराला आलेली पांढरी, काळ्या ठिपक्यांची देवणी जनावरं त्यांच्याच दाव्याला बांधलेली असायची. ते स्वतः दुकानाच्या पायरीवर, अंबाडीचा वाख मांडीवर घेऊन, पीळ घालत बसायचे. आणि ऐकत बसायचे. दुसरा उद्योगच नव्हता. बांगडीवाला मनियार गल्लीत ओरडत आला की मान डोलवायचे. भाजीवालीचा आवाज चिरका होता, ती आली की कपाळाला आठी. मशिदीत बांग देणारे चाचा त्यांचे दोस्त. संध्याकाळची बांग झाली की आप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि मग आक्कांच्या कानात काहीतरी सांगायचे. आक्का माझ्याकडं वळून म्हणायच्या, "चाचांचा घसा बसलाय म्हणं. अद्रक पाठवून द्या म्हणायलेत." आणि खरंच अद्रक आणि गूळ मशिदीकडं जायचं.

महाशिवरात्र झाली की त्यांचं कुजबुजणंही बंद. ताक बंद, चिंच बंद. सकाळी अडुळशाचा काढा आणि मध. दिवसभर मौन. सगळा कारभार बोटांच्या खुणांनी. आक्का वैतागायच्या. "लगीन झाल्यापसनं नवऱ्याचा आवाज वर्षातून एकदा ऐकायलाव बघा. भांडायला बी मज्जा न्हाई. मीच बोलायचं, मीच उत्तर द्यायचं."

हे सगळं कशासाठी, तर बोंबेसाठी. होळी पेटली की उलटा हात तोंडावर मारून जी बोंब मारतात, तिच्यासाठी. मला तर हे ऐकून हसावं का रडावं कळेना. आमच्या भोकरकडंही होळीत बोंबलतात लोक, पण तिच्यासाठी कुणी काढा पीत नाही.

पहिल्या वर्षी होळीच्या आधी बघते तर दुकानात वेगळीच वर्दळ. माणसं यायची, इकडं तिकडं बघायची, आप्पांच्या कानाला लागायची आणि निघून जायची. दोर एकही घ्यायची नाहीत. एक विधवा बाई आली, डोळे पुसत परत गेली. मी आक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "नावं सांगायलेत. कुणाच्या नावानं बोंब मारायची ती." गावाची रीतच होती ती. वर्षभर जे गिळलं ते माणसानं आप्पांच्या कानात ओतायचं आणि होळीला आप्पांनी त्या नावानं बोंब मारायची. कुणी सांगितलं ते मात्र कधी कळायचं नाही. ज्याच्या नावानं बोंब पडली त्यानं रागवायचं नाही, उलट होळीत पाच गोवऱ्या आणून टाकायच्या. दिराच्या नावानं, सासूच्या नावानं, मास्तरांच्या नावानं, एकदा तर म्हणे फौजदाराच्या नावानं पडली आणि त्यानं शिपायाच्या डोक्यावरून गोवऱ्या पाठवल्या.

आप्पा मौनात असले तरी त्यांनी मला हातानं विचारलं, तुमची कुणाच्या नावानं? मी तेव्हा जाम चिडलेली होते. म्हटलं, "या गावाच्या नावानं मारा! पाणी नाही, माणूस नाही, कुठून आले मी इथं!" ते हसले नाहीत. मान हलवून ऐकून घेतलं.

आणि होळीच्या संध्याकाळी तो माणूस उठला, धोतराचा सोगा खोचला, पोट आत ओढलं आणि जो आवाज काढला, बाई गं! माझ्या हातातलं निवदाचं ताट हाललं. वर्षभर ज्याची कुजबूज ऐकली तोच हा माणूस, हे खरं वाटेना. एकेक नाव घ्यायचे, बोंब मारायचे, मागून सगळा चौक मारायचा. शेवटी म्हणाले, "आन् आता, आमच्याच गावाच्या नावानं! भाडेकरू बाईकडनं!" माझंच नाव फोडलं, मेलं! लोक आधी गप्प, मग हसून हसून लोळायला लागले. अख्ख्या गावानं आता पाच-पाच गोवऱ्या आणायच्या का, यावरून वाद. दुसऱ्या दिवशी धुळवडीला बायका मला रंगवायला घरात घुसल्या आणि त्या दिवसापासून मी त्या गावची झाले.

पोरांना ते शिकवायचेही. हात कसा ठेवायचा, दम कुठून घ्यायचा. एखाद्याची बोंब ऐकून म्हणायचे, "ही गळ्यातली. गळ्यातली बोंब मज्जेची. पोटातली आली पायजे." मग बेंबीवर बोट टेकवायचे. "हितनं. हितनं आली की ऐकणारा जाग्यावरनं उठतो."

आक्का होळीवर यायच्या नाहीत. त्या घराच्या उंबऱ्यावर बसून ऐकायच्या. हात मांडीवर नुसते ठेवलेले, एरवी त्या हातांना घटकाभर चैन नसायची. मी निवद दाखवून परत आले की विचारायच्या, "औंदा चांगला लागलाय न्हवं आवाज?" जणू पोरगं परीक्षेला बसलंय. पोर नव्हतंच त्यांना.

नंतर पावसानं दगा दिला. एक वर्ष नाही, लागोपाठ. तिसऱ्या वर्षी तर ज्वारीचं कणीससुद्धा भरलं नाही. माणसं दुकानात यायची ती आडाचा दोर घेऊनच. "आप्पा, दोर पुरंना. वाढवून द्या." आप्पा पीळ घालून दोर वाढवून द्यायचे. महिन्यानं तोच माणूस तोच दोर घेऊन परत. बाजारात जनावरं यायची ती विकायला, आणि घेणारा कुणी नाही. दावी खपेनात, आडाचे दोर खपायचे. आप्पांना त्याची लाज वाटायची. एकदा पायरीवर बसून इतक्या हळू म्हणाले की मला वाकावं लागलं, "पाणी खाली जायलंय, तसा माझा दोर खपायलाय. लई घाण वाटतं, बाई."

पुढं दोरही कामाचा राहिला नाही. पोहरा तळाला टेकायचा आणि वाळूच घेऊन वर यायचा. मग कुणीतरी आत उतरायचं, भिंतीतल्या खोबणीत पाय रोवत रोवत, आणि झिरपलेलं पाणी वाटीनं घागरीत भरायचं. बोळातल्या बायकांत आक्का अंगानं काटकुळ्या, त्याच उतरायच्या. वर रांग लागलेली. "अय्यो शिवा," करत त्या आत जायच्या आणि आतून त्यांचं बोलणं घुमत वर यायचं. तिथंही गप्प बसायच्या नाहीत. वरच्या बायकांना हसवायच्या.

त्या वर्षी होळी करायची का, यावरच चौकात खल झाला. कुणी म्हणालं, जाळायला लाकूड कुठाय. कुणी म्हणालं, बोंबा रोजच्याच चालू हायत की. पण नावं सांगायला दुकानात रांग लागली, कधी नव्हती अशी. आणि गंमत बघा, गंमत कसली, कपाळ! सगळ्यांचं नाव एकच. दीर नाही, सासू नाही. पाणी. नवा जिल्हा. आम्हाला जिल्हा दिला, पाणी कधी देणार? आप्पांनी आक्कांकरवी मला कळवलं, "औंदाची बोंब लातूरपतुर गेली पायजे, म्हणायलेत." त्या वर्षी काढ्याला पाणी नव्हतं म्हणून ते अडुळशाची पानं नुसती चघळायचे. त्यांना खरंच वाटत होतं, एवढा आवाज काढला तर कुणीतरी उठेल.

होळीच्या संध्याकाळी मी ताट घेऊन निघाले. पुरण केलं नव्हतं, गुळाची पोळी होती. आक्का आडाकडं निघालेल्या, काखेत घागर.

"आत्ता कुठं?" मी विचारलं.

"समदे होळीवर हायत, आडावर कुणी न्हाई. झिरपलेलं घागरभर घेऊन येते." मग जरा लाजून म्हणाल्या, "होळीच्या इस्तवावर तापलेलं पाणी ह्यांच्या अंगावर तांब्याभर तरी पडू दे. न्हाईतर उन्हाळा बाधतो. दर वर्षी घालते मी."

"एकट्या उतरू नका, आक्का. मी येते परत, मग जाऊ."

"रोजच उतरायलाव की! तुमी व्हा म्होरं. आन् आवाज कसा लागला ते सांगा."

होळी लहान होती. गोवऱ्या थोड्या, लाकडं थोडी, पण माणूस झाडून आलेलं. आप्पा उभे राहिले आणि पहिली बोंब मारली. पाण्याच्या नावानं. मागून सगळ्या गावानं मारली, त्यात हसू नव्हतं. लहान लेकरं भिऊन आयांना बिलगली. दुसरी मारली, तिसरी मारली, नव्या जिल्ह्याच्या नावानं. मधे दम खायला सगळे थांबले आणि त्या शांततेत बोळाच्या बाजूनं एक आवाज आला.

लांबून, घुमत. शब्द काही नाही, नुसता आवाज.

आप्पांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. डोळे मिटले. चाचांची बांग ऐकताना मिटायचे तसे. आवाज पुन्हा आला. आप्पांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "आरं, ही बोंब!" ते मोठ्यानं म्हणाले. "ही पोटातली हाय! मागल्या गल्लीनं न्यारी होळी केली जणू. कोन हाय रं बाबा तिकडं?" आणि तोंडावर हात मारून त्यांनी उत्तर दिलं. तिकडून आवाज आला. यांनी पुन्हा दिलं. लोकांना उत्साह चढला, टाळ्या पडायला लागल्या. कितीतरी दिवसांनी त्या चौकात माणसं हसली. मलाही ती बोंबच वाटली. कुणाला दुसरं काही वाटण्याचा तो दिवसच नव्हता.

सवाल-जवाब थोडा वेळ चालला. मग तिकडचा आवाज बारीक झाला आणि थांबला. आप्पांनी कान देऊन वाट बघितली.

"दमलं गडी," ते म्हणाले. "हारलं."

होळी उतरल्यावर आप्पांनी एका खापरात विस्तव घेतला. गावात अजून पोरं बोंबलत होती. आप्पांचा घसा पार गेला होता, दर वर्षी जायचा. मी त्यांच्या मागून चालत होते. घरात दिवा नव्हता. "अगं, इस्तू आणलाय, पाणी ठेव," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. आतून उत्तर नाही. आक्का आणि उत्तर नाही! मी मागं पळाले. आडाच्या काठावर चुंबळ पडली होती. मी वाकून हाक मारली. आतून कण्हल्यासारखं काहीतरी आलं.

मी जीव खाऊन ओरडले, "अवो धावा! धावा कुणीतरी!"

आणि चौकातून उत्तर आलं. बोंब. लांबलचक, मज्जेची, मागून टाळ्या.

आप्पा माझ्यामागं येऊन उभे होते, हातात खापर. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचं वर्णन मला करायचं नाही. हातातलं खापर खाली पडलं, विस्तव पायावर सांडला, आणि त्यांनी तोंड उघडलं. वर्षभर साठवलेला आवाज चौकात संपून गेला होता. नुसता वारा बाहेर आला. मग ते दुकानाकडं पळाले. दोरांच्या दुकानाचा मालक, आणि आडावर दोर नाही.

पहिले धावत आले ते चाचा, कारण ते होळीच्या गर्दीत नव्हते. नमाज सुटली होती, ते दोन तरण्या गड्यांना घेऊन आले. त्यांनीच उतरून आक्कांना वर काढलं. खोबणीची माती सुटली होती. कंबर मोडली होती, डोक्याला मार होता. एका आडत्याच्या जीपमधून आम्ही लातूरला नेलं. जिल्हा जवळ आला होता म्हणे. तो रस्ता मला संपता संपेना.

आक्का दवाखान्यात थोडे दिवस होत्या. शुद्ध यायची, जायची. एका दुपारी डोळे उघडले, मला बघितलं, आप्पांना बघितलं आणि हसल्या. बोलायला त्रास व्हायचा, तरी बोलल्याच.

"लई भ्या वाटलं हुतं, अवो. अंधार, आन् कुणी न्हाई. म्या हाका मारल्या, मारल्या. मग तुमचा आवाज आला. वळखला म्या. जीवात जीव आला. म्हणलं, आलं माझं माणूस. पुन्यांदा हाक मारली, पुन्यांदा तुमी ओ दिली. मग म्हणलं, आता कशाला ओरडायचं. यायलेत. गप पडून राह्यले."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आप्पा खाटेच्या कडेला बसले होते. त्यांनी आक्कांचा हात धरला आणि अजून बसलेल्याच त्या घशातून म्हणाले, "हाव. यायलोच हुतो गं. यायलोच हुतो."

आक्का गेल्या त्या समाधानात. त्यांच्यापुरतं बरं झालं असं लोक म्हणतात. मला त्यात बरं काही दिसत नाही. त्या गप्प पडून राहिल्या म्हणून आम्हाला आवाज आला नाही, आणि आवाज आला नाही म्हणून आप्पा म्हणाले, हारलं. हे गणित मी कितीदा तरी मांडते आणि दर वेळी तिथंच येऊन थांबते.

आप्पा नंतर मोठ्यानं बोलायला लागले. घसा मोकळा झाला तसे मोठ्यानं, वर्षभर, सगळ्यांशी. भाव मोठ्यानं, रामराम मोठ्यानं. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा बहिरा असणार. मी एकदा म्हटलं, "आप्पा, घशाला त्रास होईल." तर ओरडूनच म्हणाले, "आता कुणासाठी जपायचा?" पुढच्या होळीला माणसं नावं सांगायला आली नाहीत. कुणाची हिंमत झाली नाही. त्या संध्याकाळी चौकात पोरांनी पहिली बोंब मारली आणि आप्पा दुकानातला सगळ्यांत लांब दोर खांद्यावर टाकून आडाकडं पळाले. आडात दोर सोडला, वाकून ओरडले, "यायलो गं, यायलो!" आणि दोराला ओढ लागते का बघत उभे राहिले. पोरं हसली नाहीत. दुसरी बोंब कुणी मारली नाही. एवढं त्या गावाचं चांगलं.

पुढं आमची बदली नांदेडला झाली. नांदेडला होळी आली की मी दार लावून घेते, रेडिओ मोठा करते.

बऱ्याच वर्षांनी उदगीरला एका लग्नाला गेले होते. शिमगा तोंडावर आलेला. राहवलं नाही, होळीच्या दिवशी गावात गेले. नळ आला होता, आठवड्यातून एकदा पाणी. पाट्यांवर आता जाड रंगात लातूर. आडावर लोखंडी जाळी टाकली होती, आणि जाळीवर आप्पा बसले होते. पार वाळलेले. मांडीवर दोराची वेटोळी. मला ओळखलं. "बाई, या," म्हणाले, मोठ्यानं. मी शेजारी टेकले. पोरांना गप्प बसा म्हणणारी माणसं आता चौकात उरली नव्हती. नव्या पोरांना काय माहीत! होळी पेटली आणि बोंब उठली.

आप्पा ताडकन उभे राहिले. दोर हातात. माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुमचं कान चांगलं हायत. माझ्या कानाचा भरोसा न्हाई ऱ्हायला. सांगा. गळ्यातली हाय का पोटातली?"

मला रडू फुटायला आलं. म्हटलं, "गळ्यातली हाय, आप्पा."

"मज्जेची?"

"मज्जेची. बसा तुम्ही."

ते बसले. दुसरी बोंब आली, पुन्हा उठले, पुन्हा विचारलं. गळ्यातली, आप्पा. बसा. तिसरी. गळ्यातलीच हाय. किती वेळ मी सांगत बसले, देवाला ठाऊक. खाली जाळीतून आडाचा गार, कुजका वास येत होता.

मग एक आली. कुठल्या बाजूनं, ते कळलं नाही. चौकातून असेल, बोळातून असेल. बाईची का बाप्याची, तेही कळलं नाही. मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. आप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते.

"बाई?"

ते उठले होते. दोराचं एक टोक त्यांनी माझ्याकडं टाकलं.

"धरा," म्हणाले.

मी उठले आणि धरलं.